रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि पेशींच्या आतला सामू

सुरंगी (धागाकर्ती)

उंदराच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे अस्तर काढून टाकायचे असेल तर प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याचा एक केस पुरतो. धमनीचा दोन मिलिमीटर लांबीचा तुकडा ४० मायक्रॉन जाडीच्या दोन तारांवर ओवून घ्यायचा, केस त्याच्या पोकळीतून हलक्या हाताने दोन-चारदा मागेपुढे फिरवायचा, मग फिनाइलेफ्रिन घालून तुकडा आवळू द्यायचा आणि त्यावर अ‍ॅसिटिलकोलीन सोडायचे. अस्तर शाबूत असेल तर आवळलेली धमनी बघता बघता सैल पडते आणि पडद्यावरची ताण दाखवणारी रेघ खाली घसरते. अस्तर गेले असेल तर रेघ जागची हलत नाही. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझा केस जाड निघाला आणि सबंध धमनीच फाटली. शेजारच्या टेबलावरील सहकारिणीचे केस बारीक होते. त्यामुळे पुढे दोन वर्षे आमच्या विभागात तिच्या केसांना चांगलीच मागणी होती.

हे अस्तर, ज्याला पाठ्यपुस्तकात अंतःस्तर म्हणतात, केवळ एका पेशीइतक्या जाडीचे असते. नळाच्या आतून दिलेल्या गुळगुळीत मुलाम्यापेक्षा त्याला फार किंमत आहे, असे १९८० पर्यंत फारसे कोणाला वाटत नव्हते. त्या वर्षी ब्रुकलिनमधील रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाद्स्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवून दिले की तुकडे तयार करताना आतला पृष्ठभाग घासला गेला असेल तर अ‍ॅसिटिलकोलीनने धमनी सैल पडत नाही; म्हणजे सैल होण्याचा निरोप स्नायूला अस्तराकडून मिळतो. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोंकादा यांच्या गटाने आणि अमेरिकेत लुई इग्नारो यांनी दाखवले. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळाले. मोंकादा त्यात का नाहीत याची चर्चा पुढे बरीच झाली, पण तो या धाग्याचा विषय नाही.

या धाग्याचा विषय असा आहे की हा वायू बनवणारे विकर पेशीच्या आतल्या आम्लतेच्या बाबतीत कमालीचे हळवे असते. नायट्रिक ऑक्साइड साठवून ठेवता येत नाही, तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून लागेल तेव्हा तिथल्या तिथे बनवावा लागतो. त्यामुळे विकराची तब्येत जरा बिघडली की निरोपही लगेच क्षीण होतो.

सामू हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांना जितका सवयीचा आहे तितका तो डॉक्टरांना नसतो. ते सरसकट पीएच म्हणतात. सामू जितका कमी तितकी आम्लता जास्त. ही मोजपट्टी सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनला, बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्ग कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना मांडली. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो आणि पेशीच्या आतला साधारण ७.१ ते ७.२. फरक किरकोळ दिसतो, परंतु ही मोजपट्टी लॉगरिथमची आहे हे विसरता येत नाही. ७.४ ला एका लिटरमध्ये ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, ७.२ ला ६३ आणि ७.१ ला ७९, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

गंमत अशी की पेशी इतकी आम्लधर्मी आहे याचे आश्चर्य वाटण्याऐवजी ती एवढीच आम्लधर्मी कशी, याचे आश्चर्य वाटायला हवे. पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण भारित असते. तो फरक ६० मिलिव्होल्टचा धरला आणि धन भारित हायड्रोजन आयनांना मोकळे सोडले, तर आतला सामू घसरत घसरत ६.४ वर येऊन थांबेल. तसे होत नाही, कारण पेशीपटलावर बसलेली वाहक प्रथिने अहोरात्र आम्ल बाहेर फेकत असतात. त्यांतले एक म्हणजे एनएचई१: ते एक सोडियम आत घेते आणि त्याच्या बदल्यात एक हायड्रोजन आयन बाहेर टाकते. दुसरे एनबीसीएन१: ते सोडियमच्या सोबतीने बायकार्बोनेट आत आणते, आणि बायकार्बोनेट आम्लाला निष्प्रभ करत असल्यामुळे ते आत येणे म्हणजे परिणामाच्या दृष्टीने आम्ल बाहेर जाणेच. सामू गरजेपेक्षा चढला तर बायकार्बोनेट बाहेर सोडून क्लोराइड आत घेणारे तिसरे प्रथिनही आहे.

आता अस्तराकडे. जर्मनीतील इंग्रिड फ्लेमिंग, मार्कुस हेकर आणि रूडी बुसे यांनी १९९४ मध्ये दाखवले की ब्रॅडिकायनिन या वाहिन्या सैल करणाऱ्या रसायनाने चेतवल्यावर अस्तराच्या पेशीत कॅल्शियम तर वाढतेच, पण त्याबरोबर पेशीचा आतला सामूही चढतो, आणि हे चढणे रोखले तर नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती टिकून राहत नाही. त्याआधी सगळे श्रेय कॅल्शियमला दिले जात असे. पुढे डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठात एब्बे बोड्केर, क्रिस्तियान ओल्केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनबीसीएन१ चे जनुक निकामी केलेले उंदीर अभ्यासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उंदरांच्या धमन्यांत अस्तराच्या आणि स्नायूच्या, दोन्ही पेशींचा आतला सामू खाली आलेला होता आणि नायट्रिक ऑक्साइडमुळे येणारे सैलपण कमी झाले होते. रक्ताचा सामू बिघडवून हे घडवलेले नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. पेशीपटलावरचे एक दार बंद केले, एवढेच.

म्हणून "शरीर आम्लधर्मी झाले की रक्तवाहिन्या बिघडतात" या छापाच्या विधानांवर माझा आक्षेप आहे. ते खोटे आहे की खरे, हे ठरवण्याआधी आम्लता पटलाच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या पेशीत आहे, हे विचारावे लागते. जाणकारांनी भर घालावी आणि चुका दाखवाव्यात.

शंकासूर

लेख आवडला, परंतु मला यात एक उघड विसंगती दिसते. वॉल्टर गॅस्केल यांनी १८८० मध्ये केंब्रिजला बेडकाच्या रक्तवाहिन्यांतून पातळ लॅक्टिक आम्ल सोडले तेव्हा त्या रुंदावल्या होत्या, असे शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात वाचल्याचे पक्के आठवते. धावणाऱ्याच्या मांडीत आम्ल तयार होते आणि तिथला रक्तप्रवाह वाढतो. श्वास रोखून धरला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूकडे जाणारे रक्त वाढते. हे सर्व आम्लतेने वाहिन्या सैल होण्याचे दाखले आहेत. आपण मात्र म्हणता की आम्लतेने सैल करणारा निरोप क्षीण होतो. मग १४० वर्षांचे निरीक्षण चुकले, की आर्हुसचे उंदीर?

काळी_भुई

माझे शिक्षण कृषी शाखेचे, त्यामुळे सामू वाचून थांबलो. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत सामू आठाच्या वर गेला की भुईमुगाची पाने पिवळी पडतात. मातीत लोह नसते म्हणून नव्हे, तर असलेले लोह मुळांना उचलता येत नाही म्हणून. तुमच्या विकराचे तसेच दिसते: विकर आहे, आर्जिनिन आहे, पण सामू जुळत नसल्यामुळे काम होत नाही. हे साम्य बरोबर आहे का?

दुसरी शंका व्यवहारातली. आमच्या नातेवाइकांनी साठ हजारांचे अल्कलाइन पाण्याचे यंत्र घेतले आहे. त्याने पेशीच्या आतला सामू बदलतो का?

सुरंगी

शंकासूर, दोघेही बरोबर आहेत. धमनी सैल पडण्याचे दोन मार्ग आहेत: आवळणाऱ्या स्नायूचा जोर कमी होणे, किंवा सैल हो असा निरोप अस्तराकडून येणे. बाहेरच्या द्रवात आम्ल वाढले की स्नायुपेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा आखडतात, आणि पेशीच्या आत आम्ल वाढले की असलेल्या कॅल्शियमला स्नायूची प्रथिने पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. गॅस्केल यांना जे दिसले त्यात मोठा वाटा या पहिल्या मार्गाचा असणार, कारण आम्ल सगळ्याच पेशींना एकदम भिडले होते. त्याच वेळी अस्तराचा नायट्रिक ऑक्साइड कमी पडत असला तरी एकूण बेरजेत वाहिनी रुंदच दिसते. अस्तराचे काय झाले हे पाहायचे असेल तर बेरीज सोडून निरोप वेगळा मोजावा लागतो, म्हणून तो केसाचा उपद्व्याप.

शिवाय अस्तराकडे सैल करण्याचे एकच हत्यार नाही. लहान धमन्यांत विद्युत निरोपाला जास्त महत्त्व असते: अस्तराच्या पेशी आपला ऋण भार वाढवतात आणि तो पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून स्नायूपर्यंत पोचतो. बोड्केर यांच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवले की अस्तराच्या पेशींचा सामू वर नेला, म्हणजे त्या अधिक अल्कधर्मी केल्या, तर हा दुसरा निरोप मंदावतो, कारण जोडणारी छिद्रे मिटू लागतात. म्हणजे आम्लता वाढली तर वायूचा निरोप अडतो आणि अल्कता वाढली तर विजेचा. अल्क तेवढे चांगले आणि आम्ल तेवढे वाईट, अशी वाटणी करणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

काळी_भुई, भुईमुगाचे उदाहरण छान आहे, मात्र थोडा फरक आहे. जमिनीत सामूमुळे लोहाचे रूप बदलते, इथे विकराचेच रूप बदलते. प्रथिनांतील काही अमिनो आम्ले, विशेषतः हिस्टिडीन, हायड्रोजन आयन चिकटला की धन भारित होतात आणि नेमके सामू ६ ते ७ च्या परिसरातच त्यांची ही चिकटण्या-सुटण्याची खेळी चालते. भार बदलला की प्रथिनाची घडी बदलते आणि घडी बदलली की कामाचा वेग.

यंत्राबद्दल: जठरातला सामू १.५ ते ३.५ असतो, त्यामुळे ते पाणी तिथेच आपले वैशिष्ट्य गमावते. त्याउपर काही उरले तर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे ते निस्तरतात. आपण दिवसाला साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून टाकतो आणि मूत्रपिंडे सुमारे ७० मिलिमोल आम्ल बाहेर काढतात. या उलाढालीपुढे पेलाभर पाण्याचा हिशेब लागत नाही. यंत्र परत घेत असतील तर पाहा.

जुना_स्टेथो

मी निवृत्त फिजिशियन आहे. रुग्णशय्येपाशी दिसणारी बाजू मांडतो.

मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्शुलिनच्या अभावी रक्तात आम्ल साचते त्या अवस्थेत, रक्ताचा सामू ७.३ च्या खाली येतो आणि गंभीर अवस्थेत ७.० च्याही खाली. अशा रुग्णाच्या वाहिन्या सैल पडलेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो आणि तो वर आणण्यासाठी दिलेली नॉरॲड्रेनॅलिनसारखी औषधे म्हणावा तसा परिणाम करत नाहीत. शंकासूर यांचे गॅस्केल मला त्या रात्रपाळ्यांत वारंवार भेटले आहेत. माझ्या उमेदवारीच्या काळात अशा रुग्णाला सोडियम बायकार्बोनेट शिरेतून सर्रास दिले जाई. रक्ताचा सामू सुधारायचा, कागदावर आकडा छान दिसायचा, आणि रुग्ण मात्र होता तिथेच. त्यामागचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले: दिलेले बायकार्बोनेट रक्तातल्या आम्लाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करते. बायकार्बोनेटला पेशीपटल ओलांडायला वाहक लागतो, कार्बन डायऑक्साइडला लागत नाही. तो सरळ पेशीत शिरतो, पाण्याशी मिळून पुन्हा आम्ल देतो, आणि बाहेरचा सामू चढत असताना आतला उतरतो. धागाकर्तीने विचारलेला "पटलाच्या कोणत्या बाजूला?" हा प्रश्न आम्ही त्या काळी विचारलाच नव्हता. आता कीटोॲसिडोसिसमध्ये बायकार्बोनेट फक्त अतिगंभीर आम्लतेसाठी राखून ठेवतात. मुख्य उपचार इन्शुलिन, द्रव आणि पोटॅशियम.

याला दुसरी बाजूही आहे. दीर्घकालीन मूत्रपिंड विकारात रक्तातले बायकार्बोनेट महिनोन्महिने कमी राहते. कोलोरॅडोतील एका गटाने २०१८ मध्ये अशा सुमारे २० रुग्णांना सहा आठवडे सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्या आणि अस्तराचे कार्य थोडे सुधारलेले आढळले. तपासणी तशी सोपी आहे. लंडनमध्ये डेव्हिड सेलरमायर यांनी १९९२ मध्ये ती रूढ केली. हातावर पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग सोडायचा, आणि परत उसळलेल्या प्रवाहामुळे दंडातली धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीने मोजायचे. हे रुंदावणे मुख्यतः अस्तराच्या नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असते. वीस रुग्णांवरून उपचार ठरत नाहीत, परंतु सावकाश, तोंडावाटे, कित्येक आठवडे दिलेले बायकार्बोनेट आणि शिरेतून धबाधबा ओतलेले बायकार्बोनेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून दिसते. कृपया कोणीही हे वाचून घरातला खाण्याचा सोडा सुरू करू नये. त्यातल्या सोडियमने रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला अपाय होऊ शकतो.

नीरक्षीर

औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. आम्ल बाहेर टाकणारी दारे जितकी उघडी तितके चांगले, असा समज वरील चर्चेतून होऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात नेमके उलटे घडते. रक्तपुरवठा तुटला की पेशीत आम्ल साचते. पुरवठा परत आला की बाहेरचे आम्ल धुतले जाते, आत-बाहेर मोठा उतार तयार होतो आणि एनएचई१ पूर्ण वेगाने आम्ल बाहेर टाकू लागते. त्याच्या बदल्यात आत येणाऱ्या सोडियमची इतकी गर्दी होते की सोडियम आणि कॅल्शियमची अदलाबदल करणारे प्रथिन उलट्या दिशेने चालू लागते आणि पेशी कॅल्शियमने भरून जाते. म्हणजे पेशी आम्लाने जितकी मरत नाही तितकी आम्लातून घाईने बाहेर पडताना मरते.

यावर उपाय म्हणून एनएचई१ अडवणारे कॅरिपोराइड हे औषध आले. प्राण्यांतले निष्कर्ष फारच आशादायक होते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतील रुग्णांवर एक्स्पेडिशन नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. हृदयस्नायूला इजा होण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर आले, म्हणजे औषधाने ठरवलेले काम केले. पण मृत्यूचे प्रमाण १.५ वरून २.२ टक्के झाले आणि त्यामागे मेंदूतील रक्तपुरवठ्याचे अपघात होते. औषध तिथेच थांबले. हृदय वाचवणारे औषध मेंदूला नडले, ही मला या क्षेत्रातील सर्वांत बोलकी घटना वाटते.

शंकासूर

दोन्ही प्रतिसाद उत्तम. जुना_स्टेथो यांनी तर माझी विसंगतीच उपचाराच्या पातळीवर सोडवून दाखवली. आता मूळ लेखाकडे परत येतो. एनबीसीएन१ नसलेल्या उंदरांत नायट्रिक ऑक्साइडचा प्रभाव कमी असेल तर त्यांचा रक्तदाब सणसणीत वाढायला हवा. तो वाढला का? आणि पेशीच्या आतला सामू ही मंडळी मोजतात तरी कसा? दोन मिलिमीटरच्या तुकड्यातल्या एका पेशीत कोणती पट्टी बुडवतात?

सुरंगी

रक्तदाब वाढला, पण थोडाच; आणि पुढे खरी मजा आहे. या उंदरांना अँजिओटेन्सिन दिले, जे साध्या उंदरात रक्तदाब चढवते, तर यांच्यात तो चढला नाही. कारण तोच आतला सामू. अस्तरात आम्ल वाढल्यामुळे सैल करणारा निरोप कमी झाला, तसे स्नायूत आम्ल वाढल्यामुळे आवळण्याची ताकदही कमी झाली. तिथे स्नायूच्या आवळण्याला बळ देणाऱ्या रो-कायनेज या विकराचा रस्ता मंदावतो. विश्रांतीच्या वेळी पहिल्या परिणामाचे पारडे किंचित जड, आणि अँजिओटेन्सिनचा जोर पडला की दुसऱ्याचे. त्याच २०११ मध्ये माणसांच्या रक्तदाबाचा मोठा आंतरराष्ट्रीय जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात रक्तदाबाशी संबंध दाखवणाऱ्या जागांपैकी एक, तिसऱ्या गुणसूत्रावर, नेमकी याच वाहकाच्या जनुकापाशी निघाली. एका जागेचा परिणाम अगदी लहान असतो, तरीही दोन वेगळ्या वाटांनी निघालेले लोक एकाच दारापाशी भेटले याचे मला अप्रूप आहे.

मोजण्याबद्दल. बीसीईसीएफ नावाचे एक रंगद्रव्य आहे. ते १९८२ मध्ये रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी वापरात आणले. त्याचे एक रूप पटलातून आत शिरते, आतली विकरे त्याचे शेपूट तोडतात आणि मग ते बाहेर पडू शकत नाही. त्यावर आळीपाळीने ४९० आणि ४४० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकायचा आणि परत येणारा हिरवा उजेड मोजायचा. पहिला उजेड सामूप्रमाणे बदलतो, दुसरा जवळजवळ बदलत नाही. दोघांचे गुणोत्तर म्हणजे तुमची पट्टी. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली, धमनीचा तुकडा फिकट हिरवा उजळलेला असतो आणि शेजारच्या पडद्यावर एक रेघ सरकत असते. मग अमोनियम क्लोराइड घालायचे. अमोनिया वायू पटकन आत शिरतो, आतले हायड्रोजन आयन पकडतो आणि रेघ वर उडते. काही मिनिटांनी अमोनियम धुऊन काढले की अमोनिया पकडलेले आयन आत टाकून निघून जातो आणि रेघ पहिल्या पातळीच्याही खाली कोसळते. यानंतरची दहा मिनिटे बघण्यासारखी असतात: पेशी आम्ल बाहेर फेकू लागते आणि रेघ हळूहळू वर चढते. त्या चढाचा उतार म्हणजे पेशीची आम्ल काढण्याची ताकद. सोडियम काढून घेतले तर रेघ तळाशीच पडून राहते.

यात फजितीही होते. बायकार्बोनेट असलेल्या द्रावणातून सतत ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण बुडबुडत ठेवावे लागते. एका रात्री सिलिंडर संपत आला होता आणि मी तो पाहिलाच नाही. सकाळी द्रावण किंचित गढूळ दिसले, तरी मी घाईत प्रयोग सुरू केला आणि दुपारपर्यंत सगळ्या धमन्या विचित्र वागत होत्या. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यामुळे द्रावणाचा सामू चढला होता आणि कॅल्शियमचे क्षार साक्याच्या रूपाने खाली बसू लागले होते. गढूळपणा तो होता. दोन दिवस वाया गेले आणि दोष सर्वस्वी माझा होता. पुष्कळ जण ही कटकट टाळण्यासाठी हेपिस हा कृत्रिम बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारा पदार्थ, वापरतात, मग वायू लागत नाही. परंतु त्यात बायकार्बोनेटच नसते, त्यामुळे एनबीसीएन१ ला कामच उरत नाही, आणि अशा प्रयोगातून "या वाहकाचे महत्त्व दिसले नाही" असे कोणी लिहिले तर ते वाचताना माझ्या कपाळावर आठी पडते.

काळी_भुई

उत्तराबद्दल आभारी आहे. यंत्र परत घेत नाहीत म्हणे.

आणखी एक विचारतो. अस्तराच्या पेशी तर रक्ताला लागूनच बसलेल्या, त्यांना ऑक्सिजनची ददात नाही. मग त्यांच्यात एवढे आम्ल तयार तरी कुठून होते?

सुरंगी

हा प्रश्न बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे पेटर कार्मेलिएट यांच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनीही विचारला होता. त्यांनी २०१३ मध्ये दाखवले की या पेशी आपल्या ऊर्जेपैकी ८५ टक्क्यांपर्यंतचा वाटा ग्लुकोज अर्धवट तोडून, ऑक्सिजनशिवायच्या मार्गाने मिळवतात. पाण्याच्या काठावर राहून विहिरीतून पाणी शेंदण्यासारखे हे आहे. त्यामागची एक समजूत अशी की ऑक्सिजन स्वतः वापरून टाकण्यापेक्षा पुढच्या ऊतींना पोचवणे हे त्यांचे काम आहे. शिवाय ऑक्सिजन नसलेल्या भागात नवी वाहिनी फुटते तेव्हा सर्वांत पुढे याच पेशींना घुसावे लागते. परिणाम मात्र असा की लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन सतत तयार होतात आणि सतत बाहेर काढावे लागतात. ग्लुकोज तोडण्याच्या मार्गातील एक महत्त्वाचे विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, आम्लतेने मंदावते. त्यामुळे आम्ल साचले की निर्मितीही थोडी आवरली जाते.

आणि एक जागा अशी आहे जिथे याच पेशीला आम्ल मुद्दाम हवे असते. १९६४ मध्ये एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांना अस्तराच्या पेशींत सिगारच्या आकाराच्या पुड्या दिसल्या. त्यांचा आतला सामू सुमारे ५.५ असतो, म्हणजे पेशीद्रवाच्या कित्येक पट आम्लधर्मी. व्हॉन विलेब्रँड घटक हे रक्त गोठण्यासाठी लागणारे लांबलचक प्रथिन त्यात गुंडाळीसारखे दाबून भरलेले असते आणि ती गुंडाळी टिकते ती या आम्लतेमुळे. पुडी रक्तात उघडली की प्रथिनाला अचानक ७.४ चा सामू मिळतो, गुंडाळी सुटते आणि रक्ताच्या ओघात त्याचे लांब धागे उलगडतात, ज्यांना बिंबाणू चिकटतात.

जुना_स्टेथो

या पुड्या आम्ही न पाहताच उघडत होतो. व्हॉन विलेब्रँड विकाराच्या, म्हणजे हा घटक कमी पडून रक्त नीट न गोठणाऱ्या, सौम्य रुग्णाचा दात काढायचा असला की आधी डेस्मोप्रेसिन हे औषध देत असू, आणि अर्ध्या ते एका तासात रक्तातला तो घटक दोन ते पाच पट वाढलेला असे. दंतवैद्यांना मी तेव्हा "साठा मोकळा होतो" एवढेच सांगत असे. साठा आम्लात मुरवलेला असतो हे आज कळले.